पोर वांड नव्हतं!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार भरते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि दोन्ही काठांवरून दगडांचा मारा सुरू होतो. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात. आजवर काहींचे जीवही गेले आहेत. त्या दिवशी शहाणी माणसं आपली पोरं घरात कोंडून ठेवतात.

२०१९ साली आम्ही पोळ्याला पांढुर्ण्याला माझ्या नणंदेकडे आलो होतो. माझा धाकटा तेव्हा सात वर्षांचा. ओट्यावर बसवून त्याला तीनदा बजावलं, "इथून हलायचं नाही. मी पाणी घेऊन येते." आत जाऊन तांब्या भरून बाहेर येईपर्यंत ओटा रिकामा! पुढची चाळीस मिनिटं मी कशी काढली, ते कुठल्याच आईला सांगायला नको. शेवटी नदीकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी तो सापडला. एका पानठेलेवाल्याने त्याला दंडाला धरून ठेवलं होतं. "मॅडम, हा तुमचाच ना? दोनदा सुटून पळाला," तो म्हणाला.

घरी आणून मी त्याला मारलं. लाटण्याने मारलं, हे आज लिहितानाही हात थांबतो. रात्री तो माझ्या कुशीत आला आणि मुसमुसत म्हणाला, "आई, मी मुद्दाम नाही गेलो गं. माझे पाय आधी जातात, मी मागून जातो."

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. पुस्तकांतल्या कितीतरी व्याख्या मला पाठ आहेत. पण माझ्या मुलाला काय होतंय, याची सर्वांत अचूक व्याख्या त्यानेच मला त्या रात्री सांगितली. ती समजायला मला आणखी चार महिने लागले.

तीन भाषांचं घर

आधी थोडी ओळख सांगते. माझं माहेर निपाणीचं. आई कन्नड घरातली, वडील मराठी. आम्ही भावंडं दोन्ही भाषांत भांडत मोठी झालो. लग्न होऊन सौसरला आले, तर इथे घरात वऱ्हाडी वळणाची मराठी आणि शाळा-कचेरीत हिंदी. तुमची बेळगाव-निपाणी ज्या १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेली, त्याच दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचं सौसर-पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं. त्यामुळे माहेर आणि सासर दोन्ही एकाच दिवशी सीमेवर आली, असं मी गमतीने म्हणते. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि आमचं सौसर त्यात आलं. हे साप्ताहिक मला आई निपाणीहून पाठवत असते. म्हणून हा लेख तुमच्यासाठी, दोन भाषांच्या घरांतल्या आयाबापांसाठी लिहिते आहे.

धाकटा लहानपणापासूनच दांडगा. नऊ महिन्यांचा असताना उभा राहिला आणि तेव्हापासून बसलाच नाही, असं सासूबाई सांगतात. जेवताना तीन घास खाऊन अंगणात, मग परत ताटावर, मग गोठ्यात. दप्तरातली पेन्सिल रोज हरवलेली. बोलणाऱ्याचं वाक्य संपायच्या आत याचं उत्तर तयार. खेळात आपली पाळी येईपर्यंत थांबवत नसे, म्हणून मित्र टिकत नसत. शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला सगळ्या गल्लीला बोलावणं आलं आणि याला आलं नाही. त्या दिवशी तो खिडकीत उभा राहून फुगे मोजत होता, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

घरात प्रत्येकाचं निदान तयार होतं. सासूबाई म्हणायच्या, "पोराले नजर लागली बाई," आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायच्या. मामंजी म्हणायचे, "अगदी बापावर गेला. मोठा झाला की सुधरते." शेजारणी म्हणायच्या, "नोकरी करणाऱ्या बाईचं पोर, दुसरं काय होणार!" निपाणीहून भाऊ फोनवर म्हणायचा, "पोरगं लई वांड झालंय, दोन ठेवून दे." आम्ही जामसावळीला मारुतीच्या दर्शनालाही जाऊन आलो. तिथला मारुती निजलेला आहे. त्या आडव्या मूर्तीकडे बघून माझा मुलगा मोठ्याने म्हणाला, "याला बरं झोपायला देतात!" आजूबाजूची माणसं हसली. मलाही हसू आलं आणि लगेच रडूही आलं.

भाषेवर आळ

पहिलीत गेल्यावर शाळेतून बोलावणं आलं. मुलगा जागेवर बसत नाही, फळ्यावरचं अर्धंच उतरवतो, सांगितलेलं ऐकत नाही. "घरी कुठली भाषा बोलता?" मी तीन भाषांची नावं सांगितली. त्यावर ताबडतोब निकाल लागला, "तीन-तीन भाषांनी पोर गोंधळलं आहे. घरात फक्त हिंदी बोला, सहा महिन्यांत फरक दिसेल."

मी शिकलेली बाई. तरी मी ते मानलं, कारण मला कुठलं तरी कारण हवंच होतं. सर्वांत आधी गेली ती कन्नड, कारण ती घरात एकटीची होती. माझी आई दर रविवारी त्याच्याशी फोनवर कन्नडमध्ये बोलायची. 'ओंदु, एरडु, मूरु' म्हणत दोघं मिळून आकडे मोजायची. मी आईला सांगितलं, "आता त्याच्याशी कन्नड बोलू नकोस." आई काही बोलली नाही. तिला मराठी येते, पण नातवाशी लाडाने बोलायची तिची भाषा ती नव्हे. पुढे पुढे रविवारचा फोन दोन मिनिटांत संपू लागला. जवळजवळ दीड वर्ष हे चाललं. मुलाच्या चंचलपणात तसूभर फरक पडला नाही. एक अज्जी मात्र त्याच्यापासून दूर गेली.

वाचकहो, माझ्यासारखी चूक तुमच्यातल्या कोणी करत असेल, तर हा लेख त्यासाठीच आहे.

नागपूरचा तो दिवस

गोटमारीनंतर कॉलेजातल्या मानसशास्त्र शिकवणाऱ्या सहकारी बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, एकदा नागपूरला मुलांच्या मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा." मानसोपचार हा शब्द ऐकून मी चपापले. आमच्या भागात अजूनही त्याचा अर्थ एकच घेतात. घरी सांगितलं, तर ह्यांनी ताट बाजूला सारलं. "पोरगं पागल नाही माझं," एवढं म्हणून ते बागेत निघून गेले. आमची संत्र्याची बाग आहे. राग आला की ते झाडांमध्ये जाऊन बसतात. डिसेंबर उजाडला, तेव्हा कुठे ते तयार झाले.

डॉक्टरांनी पहिला तास फक्त प्रश्न विचारले. बाळंतपण कसं झालं, वजन किती होतं, चालायला-बोलायला कधी लागला, झोप कशी, झटके येतात का, घोरतो का, घरात आणखी कोणाला असा त्रास होता का. डोळे आणि कान तपासून आणायला सांगितलं. ऐकू कमी येणारं मूलही 'लक्ष देत नाही' असंच वाटतं. आम्हाला एक आणि शाळेतल्या बाईंना एक, असे दोन फॉर्म भरायला दिले. मी म्हटलं, "डॉक्टर, मेंदूचा फोटो काढायचा का? रक्त तपासायचं का?" ते म्हणाले, "या गोष्टीचं निदान करणारी रक्ताची तपासणी नाही आणि फोटोही नाही. दुसरं काही आजारपण नाही ना, हे बघण्यापुरत्या तपासण्या करू. निदान होतं ते माहितीवरून."

मग मी भाषेची गोष्ट काढली. तीन भाषांमुळे असं झालं का? त्यावर त्यांनी मला उलट विचारलं, "कुठल्या भाषेत तो शांत बसतो?"

मी विचार केला आणि म्हणाले, "कुठल्याच नाही."

"मग दोष भाषेचा कसा?"

इतकी साधी गोष्ट! पुढे त्यांनी नीट उलगडून सांगितलं. शाळेची भाषा न समजणारं मूल वर्गात चुळबुळ करतं, खिडकीबाहेर बघतं, चुका करतं. पण तेच मूल घरी आपल्या भाषेत गोष्ट ऐकताना रमून जातं. तसं असेल तर प्रश्न भाषेचा आहे आणि उपाय शिकवण्याचा आहे. उलट जे मूल घरी, शाळेत, मामाकडे, देवळात, कुठल्याही भाषेत तितकंच अस्थिर असतं, त्याचा प्रश्न वेगळा. म्हणूनच निदान करताना किमान दोन ठिकाणची माहिती घेतात. दोन भाषा बोलल्याने हा विकार होतो, असं संशोधनात दिसलेलं नाही. "अज्जीला परत बोलू द्या," डॉक्टर म्हणाले. मी तिथेच डोळे पुसले.

हे आहे तरी काय?

दुसऱ्या भेटीत नाव कळलं. 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर', थोडक्यात एडीएचडी. मराठीत अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता असं म्हणता येईल. नाव लांबलचक असलं, तरी त्याची कसोटी सुटसुटीत आहे. २०१३ पासून चालू असलेल्या अमेरिकन नियमावलीत लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि चंचलपणा-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. सतरा वर्षांखालच्या मुलात कुठल्याही एका यादीतली किमान सहा लक्षणं, किमान सहा महिने, वयाला न शोभतील इतकी असावी लागतात. ती बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावीत आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडत असावं. नुसतं खट्याळ असणं म्हणजे एडीएचडी नव्हे.

हे मोबाइलमुळे आलेलं नवं खूळ आहे, असं मला पुष्कळांनी ऐकवलं. मोबाइलचा अतिरेक वाईटच. पण लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांचं वर्णन व्याख्यानांतून केलं ते १९०२ साली. तेव्हा मोबाइल नव्हता, टीव्हीही नव्हता. जगभरात शंभर मुलांमागे साधारण पाच मुलांत हे आढळतं, असा अंदाज आहे. मुलग्यांत निदान अधिक होतं. मुली पुष्कळदा धुडगूस घालत नाहीत. त्या शांतपणे हरवलेल्या असतात. वही अर्धी, नजर बाहेर, 'वेंधळी' असा शिक्का. त्यामुळे त्यांच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. 'तारे जमीन पर' हा २००७ चा सिनेमा पाहून पुष्कळांना वाटतं की आपल्याला हे माहीत आहे. तो सिनेमा डिसलेक्सियावर होता. वाचन-लेखनातली ती अडचण वेगळी. पण दोन्ही एकाच मुलात असू शकतात, म्हणून त्याचीही तपासणी करून घ्यावी.

सासूबाईंचा प्रश्न सर्वांत चोख होता, "मोबाइल त दोन तास बघते, मग लक्ष नाही कसं म्हणता?" त्याचं उत्तर असं, की या मुलांकडे लक्ष नसतं असं नाही. ते हवं तिथे वळवता आणि टिकवता येत नाही. आवडीचं, झटपट बदलणारं काही असेल तर ते स्वतःहून चिकटतं. माझा मुलगा संत्र्यांच्या ढिगाजवळ बसून मोठं, मध्यम, लहान फळ तासभर न चुकता निवडतो. तोच गणिताच्या पाचव्या ओळीला उठतो. २००७ साली अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने अशा मुलांच्या मेंदूचा अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या बाहेरच्या थराची वाढ त्यांच्यात सरासरी तीन वर्षं उशिरा पूर्णत्वाला जाते, असं त्यात दिसलं. हे वाचलं आणि मला गोटमारीची रात्र आठवली. पाय सात वर्षांचे होते, लगाम अजून चार वर्षांचा होता.

आणि हो, आईच्या नोकरीने एडीएचडी होत नाही. जास्त गोडाने मूल चंचल होतं, हा समजही १९९० च्या दशकातल्या अभ्यासांत टिकला नाही. याचा मोठा भाग आनुवंशिक असतो. जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून तो सत्तर-ऐंशी टक्क्यांच्या घरात धरतात.

परतीची बस

आनुवंशिक हा शब्द डॉक्टरांनी उच्चारला, तेव्हा ह्यांनी मान खाली घातली. सौसरच्या बसमध्ये बसल्यावर बराच वेळ ते गप्प होते. मुलगा खिडकीशी झोपला होता. सावनेर मागे पडलं, तेव्हा हळूच म्हणाले, "मले शाळेत रोज मारत होते. बाकावर उभं करत होते. मले वाटे, मी ढ आहो." थोडं थांबून म्हणाले, "तवा कोनी इचारलं असतं त..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मी सतरा वर्षं या माणसाबरोबर संसार केला होता. किल्ल्या हरवणारा, बिलाची तारीख विसरणारा, एक काम अर्धवट टाकून दुसरं धरणारा, म्हणून किती बोलले असेन! त्यांना कोणी तपासलेलं नाही, त्यामुळे मी काही निदान करत नाही. पण त्या दिवसानंतर आमच्या घरातला एक शब्द बंद झाला. तो शब्द म्हणजे 'आळशी'. दुसऱ्या दिवसापासून मुलाला अभ्यासाला बसवायचं काम ह्यांनी आपणहून घेतलं.

गोळी की गोळी नाही?

आता सर्वांत नाजूक विषय. डॉक्टरांनी आधी आम्हालाच शिकवलं. आईबापांनी कसं बोलावं, कसं वागावं, याचं रीतसर प्रशिक्षण असतं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी तर पहिला उपाय हाच मानतात. दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्यांनी मेथिलफेनिडेट नावाची गोळी कमी मात्रेत सुरू करावी असं सुचवलं. मी आठ दिवस झोपले नाही. सवय लागेल का? पोर सुस्त पडेल का?

डॉक्टरांनी फायदे-तोटे दोन्ही सांगितले. १९९९ साली अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात, नीट देखरेखीखाली दिलेल्या औषधाने चौदा महिन्यांत मूळ लक्षणं सर्वांत जास्त कमी झाली. औषधाबरोबर वर्तनाचे उपाय केलेल्या मुलांना औषध कमी पुरलं आणि घरातले संबंधही सुधारले. पुढे काही वर्षांनी मात्र गटांमधला फरक पुसट होत गेला. म्हणजे गोळी म्हणजे जादू नव्हे आणि विषही नव्हे. भूक कमी होते, झोप उशिरा लागू शकते. म्हणून वजन, उंची आणि रक्तदाब बघत राहावं लागतं. घरात कोणाला हृदयविकार असेल तर ते आधी सांगावं लागतं. हे औषध आपल्याकडे 'शेड्यूल एक्स' मध्ये येतं. त्याची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे ते गल्लीतल्या दुकानात मिळत नाही. आम्हाला नागपूरलाच जावं लागायचं.

गोळी सुरू झाली. पंधरा दिवसांनी एका दुपारी त्याने माझ्याजवळ बसून एक पान पुरं लिहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "आई, आज डोक्यात गर्दी नाही." तो सुस्त झाला नव्हता. तो तोच होता, फक्त त्याला स्वतःला गाठता आलं होतं.

आणि महिन्याभरात टाळेबंदी लागली. नागपूर महाराष्ट्रात, आम्ही मध्य प्रदेशात. मधली सीमा बंद. मार्च २०२० मध्येच फोनवरून उपचार करण्याचे सरकारी नियम आले, पण शेड्यूल एक्स मधली औषधं फोनवरून लिहून द्यायला त्यात मनाई होती. गोळ्या संपल्या. ज्या गोळीला घाबरून मी आठ रात्री जागले होते, तीच मिळत नाही म्हणून आता जागत होते. डॉक्टरांनी फोनवर धीर दिला, "थोडे दिवस थांबल्याने धोका नाही. आपण शिकलेल्या बाकीच्या गोष्टी सोडू नका." ते महिने कठीण गेले. मोबाइलवरचे वर्ग म्हणजे त्याच्यासाठी शिक्षाच होती. पण आमचा अभ्यास झाला तो त्याच काळात.

घरात काय बदललं

एका वेळी एकच सूचना. पूर्वी मी एका दमात सांगायचे, "दात घास, आंघोळ कर, दप्तर भर आणि दूध पी." त्यातलं शेवटचंच त्याच्या कानात उरायचं. आता जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, एकच काम सांगते आणि "काय सांगितलं?" असं विचारते.

भिंतीवर दिवसाचं चित्र. उठणं, आंघोळ, शाळा, खेळ, अभ्यास, झोप, सगळं चित्रं काढून क्रमाने लावलं. सांगायचं काम भिंतीने केलं, त्यामुळे माझी कटकट कमी झाली.

दहा मिनिटं अभ्यास, दोन मिनिटं पाय मोकळे. गजराचं घड्याळ समोर. दोन मिनिटांत अंगणाला एक फेरी किंवा गाईला चारा. हळूहळू दहाची पंधरा झाली.

शाबासकी ताबडतोब. महिन्याअखेरच्या सायकलचं आमिष या मुलांच्या कामाचं नसतं. आता केलेल्या चांगल्या कामाला आताच शब्द हवा. पूर्वी दिवसभरात मी त्याला शंभरदा 'नको' म्हणायचे. मी वहीत खुणा करून मोजलं, तेव्हा माझीच मला लाज वाटली.

मार बंद. मारल्याने मूल भितं, पण त्याचा लगाम काही लांब होत नाही. नियम मोडला तर आधी ठरवलेली छोटी शिक्षा, न चिडता.

शाळेशी मैत्री. शाळा सुरू झाल्यावर आम्ही दोघं जाऊन बसलो आणि तक्रार न करता विनंती केली. पहिला बाक, खिडकीपासून लांब. वह्या वाटायचं, फळा पुसायचं काम त्याला, म्हणजे उठायला हक्काचं निमित्त. त्याच्या नव्या वर्गशिक्षिकांनी हे इतकं मनापासून केलं की वर्षअखेरीला मी त्यांना घरच्या संत्र्यांची पेटी नेऊन दिली.

झोप आणि खेळ. रात्री ठरल्या वेळी दिवा बंद आणि मोबाइल बाहेरच्या खोलीत. संध्याकाळी तासभर दमेपर्यंत पळणं.

दोन भाषांच्या घरांसाठी एक खास सूचना. भाषा सोडू नका, पण एका वाक्यात दोन भाषा आणि चार कामं कोंबू नका. ज्याची जी भाषा, त्याने त्याच भाषेत, थोडक्यात बोलावं. फॉर्म भरताना मूल घरी कुठली भाषा बोलतं आणि शाळेची कुठली, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. परीक्षा मुलाला पक्की येणाऱ्या भाषेत घ्यायला सांगा.

जायचं कुठे?

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. त्या यादीत एडीएचडी आहे. शाळेत किंवा अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला विचारा. पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं असतात. 'टेलिमानस' ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते. मराठी, कन्नड, हिंदी, हवी ती भाषा निवडता येते. बेळगावकडच्या मंडळींना धारवाडची 'डिमहान्स' ही सरकारी संस्था जवळ, बंगळुरूला 'निमहान्स'. आमच्या बाजूला नागपूरचं मेडिकल कॉलेज आणि एम्स. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात वाचन-लेखनाची अक्षमता आहे, पण एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. म्हणून दोन्ही असतील, तर दोन्हींची नोंद करून घ्या.

आणि आज

टाळेबंदी उठल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली. दरवर्षी डॉक्टर ती अजून लागते का, हे बघतात. मुलगा आता मोठ्या वर्गात आहे. मार्क मध्यम, विज्ञान आवडतं. पाण्याची बाटली आठवड्यातून एकदा हरवतेच. रागही येतो, पण तो आला की उठून बागेत जातो, बापासारखा. हा विकार पुष्कळांत मोठेपणीही थोडाफार राहतो, हे मला माहीत आहे. म्हणून 'बरा झाला' असं मी लिहीत नाही. आम्ही सांभाळायला शिकलो, एवढंच.

रविवारचा फोन आता पुन्हा लांबतो. दीड वर्षाच्या खंडात त्याची कन्नड बरीच गेली होती. अज्जीने ती 'ओंदु, एरडु' पासून परत शिकवली. तिच्या तोंडी एक शब्द सारखा असतो, 'सावकाश'. आमच्या निपाणीकडच्या कन्नडात हा शब्द जसाच्या तसा आहे. भाषांतर करावं लागत नाही. मुलगा घाईने बोलायला लागला की ती पलीकडून म्हणते, "सावकाश, सावकाश." तो थांबतो, श्वास घेतो आणि वाक्य पहिल्यापासून सुरू करतो.

पोळ्याला आम्ही अजूनही पांढुर्ण्याला जातो. गोटमारीच्या दिवशी नणंदेच्या घराचं दार लावलेलं असतं. गेल्या खेपेला तो आतून कडी घालून आला आणि मला म्हणाला, "आई, यंदा माझे पाय मला विचारून गेले."